रॅम्प आहे, पण चढता येतो का?
सर्वसमावेशक रचनेचा अर्थ, तिचे भारतीय धडे आणि कायद्याचा नवा टप्पा

नवी दिल्ली : एखाद्या रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी चार पायऱ्या आहेत, असे समजू या. प्रत्येक पायरी १५ सेंटीमीटर उंच धरली, तर जमिनीपासून दारापर्यंतची उंची ६० सेंटीमीटर भरते. ही उंची व्हीलचेअरवरून सुरक्षितपणे चढण्यासाठी रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबीचा असावा, असे सर्वमान्य मानक सांगते. या हिशेबाने चार पायऱ्यांसाठी ७.२ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. प्रत्यक्षात अनेक इमारतींच्या पुढे तेवढी जागा सोडलेली नसते. मग उपलब्ध दोन-अडीच मीटरमध्येच सिमेंटचा एक तीव्र उतार ओतला जातो आणि कागदावर 'रॅम्प उपलब्ध' अशी नोंद होते. त्या उतारावर व्हीलचेअर स्वतः ढकलत चढणे अशक्यप्राय ठरते, तर उतरताना खुर्ची पुढे कलंडण्याचा धोका असतो.

सोय असणे आणि ती वापरता येणे, यांतील हे अंतर म्हणजे सर्वसमावेशक रचनेचा मूळ प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या एका महत्त्वपूर्ण निकालामुळे हा प्रश्न सौजन्याच्या कक्षेतून काढून थेट कायदेशीर बंधनाच्या कक्षेत आणला आहे. त्यामुळे ही संकल्पना नेमकी काय आहे, ती कोणासाठी आहे आणि तिच्या अंमलबजावणीत अडथळे कोठे येतात, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रश्न किती जणांचा?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के दिव्यांग व्यक्ती होत्या. त्या वेळी मोजणीत आठ प्रवर्ग होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही संख्या २१ प्रकारांपर्यंत वाढवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे साधारण १६ टक्के लोकसंख्या, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगते. हे प्रमाण भारतीय जनगणनेतील आकड्याहून कितीतरी मोठे आहे. त्यामागे व्याख्या आणि मोजणीची पद्धत यांतील फरक हे एक प्रमुख कारण आहे.

यात वृद्धत्वाची भर पडते. २०११ मध्ये देशात ६० वर्षांवरील नागरिकांची संख्या १० कोटींहून अधिक होती. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत ही संख्या सुमारे ३४.७ कोटींवर जाईल. म्हणजे दर पाच भारतीयांमागे एक ज्येष्ठ नागरिक असेल. गुडघेदुखी, मंदावलेली दृष्टी, कमी ऐकू येणे, हातांची थरथर या गोष्टींमुळे वृद्धांपैकी फारच थोडे जण दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढतात. परंतु पायरी, दिवा, नळ आणि औषधाच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे यांच्याशी त्यांचा सामना रोजचाच असतो. पाय मोडलेला तरुण, गर्भवती स्त्री, कडेवर मूल घेतलेली आई किंवा डोक्यावर ओझे वाहणारा हमाल यांनाही उंच पायरीचा त्रास तेवढाच होतो.

संकल्पनेचा उगम

'युनिव्हर्सल डिझाइन' ही संज्ञा अमेरिकी वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस यांनी रूढ केली. बालपणी झालेल्या पोलिओमुळे ते स्वतः व्हीलचेअर वापरत असत. त्यांच्या पुढाकाराने नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात १९९७ मध्ये या रचनेची सात तत्त्वे तयार झाली. वस्तू किंवा वास्तू प्रथम 'सामान्य' माणसासाठी बनवायची आणि नंतर दिव्यांगांसाठी तीत जोडकाम करायचे, ही पद्धत त्यांनी नाकारली. आरंभीच सर्वांचा विचार केला, तर वेगळ्या सोयीची गरज मोठ्या प्रमाणात उरत नाही आणि खर्चही कमी होतो, हा त्यामागील विचार होता.

भारतात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत २०११ मध्ये या विचाराला देशी रूप मिळाले. तेथे मांडण्यात आलेली पाच तत्त्वे अशी आहेत : समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता आणि सुंदर. यातील 'सांस्कृतिक' आणि 'सस्ता' ही दोन तत्त्वे भारतीय वास्तवाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहेत. जमिनीवर मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, अनवाणी वावरणे या सवयी लक्षात न घेता आणलेले परदेशी साधन कितीही उत्तम असले, तरी ते अनेक घरांत कोपऱ्यात पडून राहते.

जयपूर फूट : माणसाकडे पाहून बनवलेला पाय

या मुद्द्याचे सर्वांत बोलके उदाहरण जगाला भारतानेच दिले. १९६० च्या दशकात कृत्रिम पाऊल म्हणून जगभर वापरले जाणारे पाश्चात्त्य बनावटीचे पाऊल कडक होते आणि बूट घालूनच वापरायचे होते. भारतीय रुग्णाला मात्र चिखलातून चालायचे होते, शेतात काम करायचे होते, मंदिरात अनवाणी जायचे होते, पंगतीत मांडी घालून बसायचे होते आणि शौचासाठी उकिडवेही बसायचे होते. यांपैकी बहुतेक गोष्टी त्या पावलाने साधत नसत. परिणामी अनेक रुग्ण ते काढून ठेवून पुन्हा कुबड्यांकडे वळत.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे औपचारिक शिक्षण न झालेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास या प्रश्नावर तोडगा शोधला. रबर, लाकूड आणि टायरमध्ये वापरला जाणारा दोरा यांपासून त्यांनी असे पाऊल घडवले, जे घोट्यापाशी अनेक दिशांना वळते, ओलाव्याने खराब होत नाही आणि खऱ्या पावलासारखे दिसत असल्याने बुटाशिवाय वापरता येते. साहित्य स्थानिक बाजारात मिळणारे होते आणि दुरुस्तीही आवाक्यातील होती. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्काराने गौरवण्यात आले.

हे पाऊल मोठ्या संख्येने लोकांपर्यंत नेण्याचे काम १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने केले. समितीने वितरणाची रचनाही रुग्णाच्या सोयीने बदलली. दूरच्या गावातून मजुरी बुडवून आलेल्या माणसाला पुन्हापुन्हा खेपा घालाव्या लागू नयेत, यासाठी माप घेण्यापासून पाय बसवण्यापर्यंतचे काम अल्पावधीत आणि विनामूल्य पूर्ण करण्यावर भर देण्यात आला. पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने गुडघ्याच्या वर पाय गमावलेल्यांसाठी कमी खर्चाचा 'जयपूर नी' विकसित झाला. त्यात तेल शोषलेल्या नायलॉनचा वापर असल्याने वेगळ्या वंगणाची गरज भासत नाही. 'टाइम' नियतकालिकाने २००९ च्या उत्कृष्ट संशोधनांच्या यादीत त्याचा समावेश केला होता.

जयपूर फूटचे यश अत्याधुनिक तंत्रज्ञानात नव्हते. माणूस कसा बसतो, कसा चालतो आणि कशाची लाज बाळगतो, याचे निरीक्षण आधी झाले आणि साधन नंतर घडले. मानवकेंद्री रचना म्हणतात ती हीच.

काठीच्या टोकापलीकडचा धोका

असाच दुसरा प्रयत्न दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला. दृष्टिहीन व्यक्तीच्या हातातील पांढरी काठी जमिनीवरील खड्डा, दगड किंवा पायरी ओळखून देते. पण गुडघ्याच्या वरचे अडथळे तिच्या कक्षेत येत नाहीत. उघडी खिडकी, झुकलेली फांदी, उभ्या ट्रकचा मागचा भाग यांवर थेट चेहरा किंवा छाती आदळते. भारतीय रस्त्यांवर हा धोका पदोपदी आहे. संस्थेच्या संशोधकांनी तयार केलेल्या 'स्मार्टकेन' या उपकरणात वटवाघळाप्रमाणे श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडल्या जातात. समोरच्या वस्तूवर आपटून परतलेल्या लहरींवरून अंतर मोजले जाते आणि मुठीतील कंपनांद्वारे वापरणाऱ्याला इशारा मिळतो. २०१४ मध्ये हे उपकरण सर्वांसाठी उपलब्ध झाले.

इशारा ध्वनीने न देता कंपनाने देण्यामागेही विचार आहे. दृष्टिहीन व्यक्ती रस्त्यावर कानांच्या आधारे वावरते. वाहनाचा आवाज, पावलांची चाहूल, भिंतीवरून परतणारा ध्वनी हीच तिची दिशादर्शक साधने असतात. त्या कानात यंत्राचा आवाज भरला, तर मदतीपेक्षा अडचणच वाढेल. वापरणाऱ्यांसोबत बसून काम केले, तरच असे बारकावे हाती लागतात. जगभरच्या दिव्यांग चळवळीने 'आमच्याविना आमच्याविषयी काहीही नको' ही घोषणा दिली, तिचा व्यावहारिक अर्थ हाच आहे.

चार मिलिमीटरचा फरक

वापरणाऱ्याचा विचार मागे पडला की काय होते, हे प्रत्येकाच्या खिशातील नोटांवरून समजते. २०१६ पूर्वीच्या मालिकेत १०० रुपयांची नोट १५७ मिलिमीटर, ५०० रुपयांची १६७ मिलिमीटर आणि १००० रुपयांची १७७ मिलिमीटर लांब होती. दहा मिलिमीटरचा फरक बोटांना सहज कळत असे. नव्या मालिकेत १०० रुपयांच्या नोटेची लांबी १४२, २०० रुपयांची १४६ आणि ५०० रुपयांची १५० मिलिमीटर आहे. तिन्हींची रुंदी ६६ मिलिमीटर अशी सारखीच आहे. म्हणजे लगतच्या मूल्यांत केवळ चार मिलिमीटरचे अंतर उरले. दृष्टिहीन विक्रेत्याच्या दृष्टीने २०० आणि ५०० यांतील गफलत म्हणजे कदाचित दिवसभराची कमाई.

नोटांवर स्पर्शाने ओळखण्याच्या खुणा नाहीत, असे नाही. १०० च्या नोटेवर उठावाचा त्रिकोण, तर ५०० च्या नोटेवर वर्तुळ आहे. कडांवर तिरप्या रेषाही आहेत. मात्र हाताळून मऊ झालेल्या नोटेवर हा उठाव टिकत नाही. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये 'मनी' हे मोबाइल ॲप आणले. कॅमेऱ्यासमोर धरलेल्या नोटेचे मूल्य ते बोलून सांगते आणि त्यासाठी इंटरनेटची गरज लागत नाही. ही सोय स्वागतार्ह आहे; परंतु ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा गर्दीच्या बाजारात फोन बाहेर काढणे ज्याला सुरक्षित वाटत नाही, त्याचा प्रश्न तसाच राहतो.

याउलट मार्च २०१९ मध्ये जारी झालेल्या नाण्यांच्या मालिकेत ही दक्षता आरंभापासून घेतलेली दिसते. मूल्य वाढेल तसा नाण्याचा आकार आणि वजन वाढते, तर २० रुपयांचे नाणे बारा कोनांचे असल्याने हाती येताच ओळखू येते. या रचनेत राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा सहभाग होता. वेगळे यंत्र नको, वेगळे प्रशिक्षण नको. आणि डोळस माणसालाही अंधारात त्याचा उपयोग होतोच.

घर, रुग्णालय आणि वार्धक्य

वृद्धांच्या बाबतीत रचनेतील दोषाची किंमत अनेकदा आरोग्याने मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पडणे हे अनवधानाने झालेल्या दुखापतींमुळे होणाऱ्या मृत्यूंचे जगातील दुसरे मोठे कारण आहे आणि अशा मृत्यूंत ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. खुब्याचे हाड मोडल्यानंतर अंथरुणाला खिळलेला ज्येष्ठ नागरिक पुन्हा पूर्वीसारखा हिंडूफिरू लागेलच, याची खात्री नसते.

यावरचे उपाय मात्र साधे आहेत. न्हाणीघरात गुळगुळीत फरशीऐवजी खरबरीत फरशी, कमोडशेजारी भिंतीत घट्ट बसवलेला धरायचा दांडा, खोलीपासून शौचालयापर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा, पायरीच्या कडेला गडद रंगाचा पट्टा, शक्य तेथे उंबरठ्याची उंची कमी करणे, फिरवायच्या गोल नळाऐवजी तळहाताने ढकलता येणारा दांडीचा नळ, यांपैकी बहुतेक बदल मोठी तोडफोड न करता होऊ शकतात. वय वाढते तसा डोळ्यांना अधिक उजेड लागतो आणि एकाच रंगाच्या दोन पायऱ्यांमधील कड दिसेनाशी होते. हे लक्षात घेतले, तर तो रंगाचा पट्टा सजावटीसाठी नसून अपघात टाळण्यासाठी आहे, हे पटते.

रुग्णालयांतही हाच विचार लागू पडतो. तपासणीचे टेबल उंच असेल, तर व्हीलचेअरवरील रुग्णाला त्यावर उचलूनच ठेवावे लागते. अन्यथा खुर्चीतच घाईघाईने तपासणी उरकली जाते. रुग्णाचे नाव केवळ पुकारले जात असेल, तर कर्णबधिर व्यक्तीची पाळी निघून जाते. क्रमांक केवळ फलकावर झळकत असेल, तर दृष्टिहीनाची. पुकारणे आणि फलक या दोन्ही गोष्टी असाव्यात, हे त्यावरील सोपे उत्तर आहे. औषधाच्या पट्टीवरील मुदतीची तारीख चंदेरी पत्र्यावर पुसट ठशात असते. ती वाचता न येणे ही गैरसोय तर आहेच. पण चुकीचे औषध पोटात जाण्याचीही ती शक्यता आहे.

पडद्यावरची पायरी

आता पायरी केवळ दगडाची राहिलेली नाही. बँक खाते, निवृत्तिवेतन, सिमकार्ड, रुग्णालयातील नोंदणी अशी बहुतेक कामे मोबाइलच्या पडद्यावरून होऊ लागली आहेत. ग्राहकाची ओळख पटवताना समोरची व्यक्ती जिवंत असल्याची खात्री करण्यासाठी 'डोळ्यांची उघडझाप करा' अशी सूचना येते. ॲसिड हल्ल्यात डोळे आणि चेहरा गमावलेल्या व्यक्तीला अथवा दृष्टिहीनाला ती पाळणे शक्य नसते. अशाच अनुभवांतून दाखल झालेल्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ओळख पडताळणीची प्रक्रिया सर्वांना वापरता यावी, यासाठी न्यायालयाने २० निर्देश दिले.

शिफारस की बंधन?

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्यास अनुसमर्थन दिले. ३ डिसेंबर २०१५ रोजी 'सुगम्य भारत अभियान' सुरू झाले आणि २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम ४० नुसार केंद्र सरकारने सुगम्यतेची मानके ठरवणारे नियम करायचे आहेत. कलम ४४ नुसार त्या नियमांशी विसंगत आराखड्याला बांधकाम परवानगी अथवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ मध्ये अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम्य करण्याची तरतूद आहे. कलम ८९ नुसार उल्लंघनासाठी प्रथम दहा हजार रुपयांपर्यंत, तर पुन्हा उल्लंघन झाल्यास पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अडचण नियमांच्या भाषेत होती. २०१७ च्या नियमावलीतील नियम १५ ने वेगवेगळ्या मंत्रालयांच्या मार्गदर्शक तत्त्वांचा केवळ निर्देश केला. मार्गदर्शक तत्त्वे ही शिफारसवजा असतात. त्यांचे पालन न केल्यास दंड कोणत्या आधारे करायचा, हा प्रश्न अनुत्तरित राहत होता. अधिनियम बंधन घालतो आणि नियम मात्र सल्ला देतात, अशी ही विसंगती होती.

राजीव रतूरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेबाबत निर्देश दिले होते. त्यांच्या अंमलबजावणीचा आढावा घेताना हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील दिव्यांगत्व अभ्यास केंद्राने न्यायालयाला अहवाल सादर केला. त्यानंतर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने नियम १५ (१) हा मूळ अधिनियमाशी विसंगत असल्याचा निर्णय दिला. तडजोड न करता येणारी किमान मानके बंधनकारक नियमांत आणावीत आणि त्यापुढील सुधारणांसाठी मार्गदर्शक तत्त्वे वेगळी ठेवावीत, असे सांगून न्यायालयाने त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. हे नियम संबंधित घटकांशी विचारविनिमय करून तयार करावेत, असेही निर्देशात नमूद होते.

कायद्यापलीकडे काय?

बंधनकारक मानकांनी प्रश्न अर्धा सुटतो. उरलेला अर्धा भाग काम करवून घेण्याचा आणि ते टिकवण्याचा आहे. जपानमधील ओकायामा शहरात १९६७ मध्ये सेइइची मियाके यांच्या कल्पनेतून दृष्टिहीनांसाठी पायांना जाणवणाऱ्या फरश्या प्रथम बसवल्या गेल्या. उभ्या रेषा म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे थांबा किंवा सावध व्हा, अशी ही पायांची भाषा आहे. भारतातील अनेक स्थानकांवर आणि पदपथांवर त्या पिवळ्या फरश्या आज दिसतात. पण काही ठिकाणी त्यांची रेषा थेट विजेच्या खांबाला जाऊन भिडते, काही ठिकाणी त्यांवर दुचाकी उभ्या असतात. फरशी बसवणाऱ्याला त्या रेषांचा अर्थ कोणी सांगितला नसेल, तर त्याच्या लेखी ती केवळ नक्षी असते. म्हणूनच काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्यापूर्वी व्हीलचेअर वापरणारी, दृष्टिहीन आणि वयोवृद्ध व्यक्ती प्रत्यक्ष त्या मार्गाने जाऊन पाहील, अशी तपासणी आवश्यक ठरते.

नागरिकांनाही यात भूमिका आहे. सुगम्यतेच्या अभावाबाबत केंद्रीय स्तरावर मुख्य आयुक्तांकडे आणि प्रत्येक राज्यात दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात हे आयुक्तालय पुण्यात असून २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला आहे. तक्रार करताना 'रॅम्प गैरसोयीचा आहे' एवढेच लिहिण्यापेक्षा मोजमाप देणे अधिक परिणामकारक ठरते. त्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. दाराची जमिनीपासूनची उंची मोजावी, रॅम्पची लांबी मोजावी आणि लांबीला उंचीने भागावे. उत्तर बारा किंवा त्याहून अधिक आले, तर उतार मानकात बसतो. तीन-चार आले, तर तेथे रॅम्प नाही, केवळ त्याची नोंद आहे.